तीन मिनिटांचे पैसे कोणी भरायचे?

प्रश्न थोडक्यात असा: एक मध्यम शहर आणि त्याला लागून असलेल्या तीन लहान पालिका मिळून बससेवा सुरू करणार आहेत. खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असा प्रस्ताव सभेपुढे आहे. तिघींपैकी एक पालिका म्हणते, "आमचे लोक दुचाकीने जातात, आम्ही कशाला द्यायचं?" शिवाय थांबे, पदपथ आणि दिवे यांचा सामायिक निधीही याच करारात घालावा का, असं विचारलंय.

मी बावीस वर्षं वेळापत्रकं बसवली, त्यातली नऊ अशाच सामायिक सेवांसाठी. करारावर सह्या होतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून जे कागद टेबलावर येऊन पडतात, ते निस्तरणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे कायद्याची बाजू वकिलांना विचारा. मी सांगतोय ते गाड्या, वेळ आणि पैसा यांच्याबद्दल.

लोकसंख्येचं प्रमाण सभेत पटकन मंजूर होतं, कारण आकडा सगळ्यांना ठाऊक असतो आणि त्यावर कोणी शंका घेत नाही. पण बस लोकसंख्येवर धावत नाही. मोठ्या गावाच्या एका कडेला बस हात लावून परत फिरते, तर लहान गाव मार्गाच्या मधोमध असल्यामुळे दर अर्ध्या तासाला त्याच्या आरपार जाते. लोकसंख्येवर वर्गणी लावली की पहिलं गाव म्हणणार आम्हाला लुटलं, आणि दुसरं फेऱ्या वाढवा म्हणत राहणार, कारण वाढलेल्या फेरीच्या खर्चातला अगदी थोडाच वाटा त्याच्यावर येतो. दोघांचंही वागणं त्यांच्या जागी बरोबर असतं. चूक वाटणीच्या सूत्रात असते.

ठरलेल्या प्रमाणाचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या वेगवेगळ्या परिवहन सेवा २००७ मध्ये एका कंपनीत आल्या, तेव्हा भागभांडवलाचं प्रमाण ६० आणि ४० टक्के असं ठरलं. दोनच भागीदार असतील तर असा आकडा चालून जातो, दरवर्षी नव्याने वाद घालावा लागत नाही. चार पालिका असल्या, त्यातल्या तीन लहान आणि एकमेकींकडे बारीक नजर ठेवून असलेल्या, की ठरलेलं प्रमाण दोन अर्थसंकल्पांपलीकडे टिकलेलं मी पाहिलेलं नाही.

आता एक हिशेब मांडतो. कागद-पेन्सिल घेऊनच वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा मार्ग १८ किलोमीटरचा आहे. एका बाजूची धाव ५२ मिनिटांची, आणि दोन्ही टोकांना ८-८ मिनिटं थांबा. म्हणजे गाडी निघून पुन्हा निघण्याच्या जागी तयार व्हायला बरोबर १२० मिनिटं लागतात. दर ३० मिनिटांनी गाडी हवी असेल तर १२० भागिले ३०, म्हणजे ४ गाड्या. सेवा रोज १६ तास. दोन्ही बाजूंनी ३२-३२ फेऱ्या, एकूण १,१५२ किलोमीटर, आणि ४ गाड्यांचे मिळून ६४ गाडी-तास. सुटसुटीत वेळापत्रक आहे. असं जुळून आलं की वेळापत्रकवाला त्या दिवशी लवकर घरी जातो.

मग मधल्या एका पालिकेचे अध्यक्ष येतात आणि म्हणतात, "मुख्य रस्त्यावरून बस जाते, ती बाजारपेठेत वळवा. किलोमीटरभराचा तर वळसा आहे." मागणी रास्त असते. म्हाताऱ्या माणसांना मुख्य रस्त्यापासून चालत यावं लागतं. वळशाने एका बाजूला १ किलोमीटर आणि ३ मिनिटं वाढतात. म्हणजे चक्र १२६ मिनिटांचं झालं. १२६ भागिले ३० म्हणजे ४.२. गाडीचा पाचवा हिस्सा कुठल्याच आगारात मिळत नाही. पाचवी गाडी लावावी लागते.

आता दोन प्रकारे मोजा. किलोमीटर वाढले रोजचे ६४, म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के. गाडी-तास ६४ वरून ८० वर गेले, म्हणजे २५ टक्के वाढ. करारात वर्गणी फक्त किलोमीटरवर असेल, तर त्या पालिकेला वळसा जवळजवळ फुकटात मिळतो आणि चालक, वाहक, एक जादा गाडी आणि आगारातली तिची जागा यांचा बोजा चौघांवर पडतो. बाकीच्या तिघांना हे लगेच कळत नाही. वर्षअखेरीला तूट फुगलेली दिसते, आणि 'परिवहनवाले उधळपट्टी करतात' असा ठराव येतो. असा ठराव माझ्या टेबलावर दोनदा आला. दोन्ही वेळा मूळ कारण एक छोटासा वळसा होता.

पाचवी गाडी टाळायचे मार्ग आहेत, पण प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. दोन गाड्यांमधलं अंतर ३० ऐवजी साडेएकतीस मिनिटं करता येतं. मग वेळापत्रक लोकांच्या डोक्यात राहत नाही. 'दर तासाला दहा आणि चाळीस' हे शाळकरी पोरही लक्षात ठेवतं. ९.१०, ९.४१, १०.१३ हे मी स्वतःही ठेवू शकत नाही. दुसरा मार्ग म्हणजे टोकांवरचा थांबा ८ मिनिटांवरून ५ वर आणायचा. कागदावर चक्र पुन्हा १२० होतं. प्रत्यक्षात सकाळी अकराला पाच मिनिटं झालेला उशीर संध्याकाळी वीस होतो, आणि चालकाला लघवीला जायलाही सवड राहत नाही. टोकावरच्या थांब्याला बैठकीत 'गाडी उभी ठेवायचा वेळ' म्हणून हसणारे अधिकारी मला भेटले आहेत. त्यांना एक दिवस पूर्ण पाळीभर गाडीत बसवावं, एवढंच वाटतं.

तिसरा मार्ग मला आवडतो. पाचवी गाडी घ्यायचीच असेल तर चक्र १५० मिनिटांपर्यंत जाऊ शकतं. वळशात ६ गेली, २४ उरली. त्या २४ मिनिटांत मार्ग एका टोकाला १२ मिनिटं पुढे नेता येतो, आणि पलीकडची जी वस्ती आजवर वगळली होती तिथे बस पोचते. आता पाचव्या गाडीचा खर्च एका पालिकेचा राहिला नाही, दोघींचा झाला. अशी सांगड घालायची तर चौघांचा हिशेब एका टेबलावर लागतो. एकत्र येण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो, 'प्रादेशिक एकात्मते'च्या भाषणांत नाही.

म्हणून वर्गणीचं मोजमाप तीन भागांत करा. डिझेल किंवा वीज, टायर आणि देखभाल हे किलोमीटरवर. चालक-वाहकांचे पगार गाडी-तासांवर. गाड्यांची किंमत आणि आगार हे गर्दीच्या वेळी लागणाऱ्या गाड्यांच्या संख्येवर. ही पद्धत जुनी आहे, परिवहनातले हिशेबनीस ती जगभर वापरतात, आणि एका तक्त्यात बसते. प्रत्येक पालिकेच्या हद्दीत किती किलोमीटर आणि किती मिनिटं जातात ते वेळापत्रकातूनच निघतं. मूळ मार्गापेक्षा जास्त मागणारा जे जास्त मागतो, त्याचा खर्च आधी काढून त्याच्यापुढे ठेवायचा. मग त्याने ठरवावं. अध्यक्षांना 'नाही' म्हणायची वेळच येत नाही. आकडा पाहून ते स्वतःच 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर झ्युरिखकडे बघा. तिथे पूर्ण कँटनची (स्वित्झर्लंडमधल्या प्रांताची) बस, ट्राम आणि लोकल रेल्वे १९९० पासून एका संस्थेखाली चालते. तिकिटांतून न भरून निघणारा खर्च निम्मा कँटन देतं, निम्मा सगळ्या नगरपालिका मिळून देतात. पालिकांच्या निम्म्याची वाटणी पुन्हा दोन भागांत होते. ८० टक्के भाग त्या पालिकेला मिळणाऱ्या सेवेवर, म्हणजे तिच्या थांब्यांवरून किती गाड्या सुटतात त्यावर. उरलेला २० टक्के तिच्या करक्षमतेवर. मला या सूत्रातला ८० चा आकडा जेवढा महत्त्वाचा वाटतो, तेवढाच २० चाही. निव्वळ सेवेवर वर्गणी लावली तर गरीब पालिका फेऱ्या कमी करून घेते, आणि ज्यांना बसची सगळ्यात जास्त गरज आहे तेच रस्त्यावर उभे राहतात. थोडा भार ऐपतीवर टाकला की ती कोंडी सुटते.

झ्युरिखच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे आणि तीही उचलण्यासारखी आहे. रहिवासी, नोकरी करणारे आणि शिकणारे मिळून किमान ३०० जण जिथे एकत्र वस्तीत आहेत, ती वस्ती सेवेत यायलाच हवी. आणि वस्ती सेवेत आहे असं कधी म्हणायचं? बस-ट्रामचा थांबा ४०० मीटरच्या आत असेल, किंवा रेल्वे स्थानक ७५० मीटरच्या आत असेल तेव्हा. म्हणजे कोणाला बस मिळणार हे कोणत्या सदस्याचा आवाज मोठा आहे यावर ठरत नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, असायलाच हवेत. पण असा किमान हक्काचा आकडा करारात पहिल्या पानावर लिहा, आणि त्याच्या वरचं जे काही असेल ते ज्याला हवं त्याने पैसे देऊन घ्यावं.

तिकिटांचं उत्पन्न हा वेगळा विषय आहे. त्यात एक चूक इतकी वारंवार होते की थोडं थांबून सांगतो. पालिकेच्या हद्दीवर भाडं बदलू देऊ नका.

हेलसिंकी आणि शेजारच्या पालिकांची संयुक्त परिवहन संस्था २०१० पासून काम करते. पण २०१९ पर्यंत तिथली भाड्याची विभागणी पालिकांच्या हद्दींवरच होती. त्यामुळे हद्दीच्या अलीकडून पलीकडे दोन थांबे गेलं तरी महाग प्रादेशिक तिकीट, आणि हेलसिंकीच्या आतल्या आत कितीतरी लांब गेलं तरी स्वस्त तिकीट. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी हे मोडलं आणि शहराच्या मध्यापासून बाहेर जाणारे अर्धगोलासारखे ए, बी, सी, डी पट्टे आखले. नकाशावर पालिकेची रेघ कुठून जाते याच्याशी भाड्याचा संबंध उरला नाही. प्रवाशाला ती रेघ दिसतही नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की पुढच्या थांब्यावर उतरलं तर पैसे वाचतात. मग तो तिथे उतरतो, चालतो, आणि तुमच्या गाडीत हद्दीच्या पुढे जागा रिकामी राहते.

हद्दीवर भाडं बदलायचं नसेल तर सगळं उत्पन्न एका गल्ल्यात आलं पाहिजे. हॅम्बुर्गमध्ये वेगवेगळ्या परिवहन संस्था १९६५ मध्ये एकत्र आल्या, तेव्हापासून हे तत्त्व चालत आलंय: तिकीट एक, वेळापत्रक एक, पैसे एका ठिकाणी जमा आणि मग ठरलेल्या सूत्राने वाटप. तुमच्याकडे चारच पालिका आहेत, तर वाटपाचीही गरज नाही. एकूण खर्चातून एकूण उत्पन्न वजा करा आणि जी तूट राहील ती वर सांगितलेल्या सूत्राने वाटा. 'आमच्या हद्दीत इतकी तिकिटं फाटली, तेवढी रक्कम आमची' असं कोणी म्हणू लागलं तर तिथेच थांबवा. सकाळी ज्या गावात माणूस चढतो तिथलं तिकीट, संध्याकाळी ज्या गावातून परततो तिथलं तिकीट, मग मासिक पासाचं काय, विद्यार्थ्यांच्या सवलतीचं काय... या वादातून बाहेर आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

आता त्या नाराज पालिकेबद्दल.

जबरदस्तीने आत ओढू नका, आणि रुसून तिला नकाशावरून पुसूही नका. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात पाच काउंटींनी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) मिळून रेल्वे बांधायचं ठरवलं होतं. १९६१ मध्ये सॅन मातेओ काउंटी बाहेर पडली, पुढच्या वर्षी मरीन. राहिलेल्या तिघींनी रेल्वे बांधली, १९७२ मध्ये गाड्या सुरू झाल्या. पण त्या भागाचा मुख्य विमानतळ सॅन मातेओच्या हद्दीत. तिथवर ही रेल्वे पोचायला २००३ उजाडलं. मरीनमध्ये ती आजही जात नाही.

अटलांटाजवळची क्लेटन काउंटी आणखी बोलकं उदाहरण आहे. १९७१ मध्ये तिथल्या मतदारांनी प्रादेशिक परिवहनात जायला नकार दिला. पुढे काउंटीने स्वतःची बससेवा काढली, ती २०१० मध्ये पैशाअभावी बंद पडली. गाडी नसलेल्या लोकांची कामं सुटली. २०१४ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि मोठ्या बहुमताने लोकांनी जादा विक्रीकर स्वीकारून त्याच प्रादेशिक सेवेत प्रवेश केला. त्रेचाळीस वर्षं गेली. पण दार उघडं होतं म्हणून आत तरी येता आलं.

तुमच्या करारात हे असं लिहिता येईल: न आलेली पालिका कोणत्याही आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला येऊ शकते, आणि आल्यावर तिला तेव्हाच्या सूत्राने पैसे द्यावे लागतील. मागचं देणं नाही, प्रवेशाचा दंड नाही. दरम्यान तिच्या हद्दीतून मुख्य रस्त्याने बस जात असेल तर ती तिथल्या थांब्यांवर थांबवावी का? इथे माझे सहकारी माझ्याशी सहमत नसतात. ते म्हणतात, फुकट मिळालं तर कोण आत येईल? माझं मत, मुख्य रस्त्यावरच्या दोन थांब्यांवर थांबवा. तिकिटाचे पैसे मिळतात, वेळ फारसा जात नाही, आणि वर्षभरात तिथल्याच लोकांची ओरड सुरू होते: बस मुख्य रस्त्यावरच का, आत का येत नाही? ती ओरड तुमच्या कुठल्याही पत्रापेक्षा जास्त काम करते. मात्र आतला वळसा, रात्रीची शेवटची फेरी, सवलतीचा पास यातलं काहीही सभासद झाल्याशिवाय नाही.

'आमचे लोक दुचाकीने जातात' या म्हणण्यालाही उत्तर द्यायला हवं, टोमणा मारून नव्हे. ते खरंच असतं. पण घरातला एकजण दुचाकीने जातो, तेव्हा उरलेले तिघे-चौघे कसे जातात हे विचारा. आठवड्याचा एक दिवस निवडा, शहरातल्या रुग्णालयाच्या आणि महाविद्यालयाच्या दारात दोन माणसं उभी करा, आणि कुठून आलात, कसे आलात एवढंच विचारा. त्या पालिकेच्या सदस्यांना आपल्याच गावच्या लोकांची उत्तरं वाचू द्या.

पैसा कुठून आणायचा हे प्रत्येक ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून आहे, त्यामुळे थोडक्यात. फ्रान्समध्ये १९७१ पासून पॅरिस परिसरात, आणि १९७३ पासून इतर शहरांत, ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या मालकांकडून पगाराच्या रकमेवर परिवहनासाठी आकारणी होते. कामगार वेळेवर पोचल्याचा फायदा मालकाला होतो, तर त्याने वाटा उचलावा, हा विचार. तुम्हाला कर लावायचा अधिकार नसेल तरी मोठ्या कारखान्यांशी आणि रुग्णालयांशी पाळीच्या वेळा जुळवून घाऊक पासाचा करार करता येतो. आधी तेवढं करा. करासाठी सरळ लोकांचं मत घ्यायला जात असाल तर व्हँकुव्हर आठवा: २०१५ मध्ये परिवहनासाठी अर्धा टक्का जादा विक्रीकर मागितला, आणि मत देणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी नाकारला. सेवा वाढवण्याची यादी चांगली होती. पण मतदारांनी यादीपेक्षा पैसे मागणाऱ्या संस्थेवरचा राग जास्त मोजला.

आता शेवटचा प्रश्न, थांबे-पदपथ-दिवे यांचा निधी. माझं उत्तर स्पष्ट 'हो' आहे, आणि त्याचं कारण सौंदर्यीकरण नाही.

आमच्या एका सामायिक मार्गावर दोन पालिकांच्या हद्दीत एक नाला होता. नाल्याच्या पलीकडे एकीने बांधलेला चकचकीत निवारा: छप्पर, स्टीलची बाकं, उद्घाटनाची पाटी. अलीकडे दुसरीचा पदपथ, तोही चांगला, फरशीचा. पण पदपथ नाल्याच्या काठाआधी संपत होता आणि निवारा काठानंतर सुरू होत होता. मधलं अंतर मी टेप धरून मोजलं होतं: ११ मीटर ६० सेंटीमीटर. तिथे फरशी नाही, कठडा नाही, दिवा नाही. पावसात चिखल. संध्याकाळी बायका तिथे चपला हातात घेऊन, मोबाईलचा उजेड पाडत चालायच्या. हद्द नेमकी नाल्याच्या मध्यावरून जाते, की काठावरून, यावर पत्रव्यवहार चालला होता. फाईल चौदा महिन्यांची झाली होती. शेवटी सामायिक निधीतून काम निघालं तेव्हा ते तीन दिवसांत आटोपलं, आणि त्यातला एक दिवस सिमेंट सुकण्यात गेला.

दिसायला ही भलाईची गोष्ट. पण मला वेळापत्रकवाला म्हणून दुसरंही दिसतं. वर मांडलेला मार्ग आठवा, एका बाजूला ३ मिनिटं वाढली आणि पाचवी गाडी लागली. त्या मार्गावर समजा २० थांबे आहेत. प्रत्येक थांब्यावर सरासरी ९ सेकंद वाचली तर २० गुणिले ९, म्हणजे १८० सेकंद. बरोबर ३ मिनिटं. वळसा घेऊनही चार गाड्यांतच भागतं.

९ सेकंद कुठून येतात? थांब्याचा कट्टा गाडीच्या पायरीच्या उंचीला आणला की म्हातारी माणसं आणि सामानवाले पटकन चढतात. थांब्यापुढच्या जागेत वाहनं लावायला बंदी केली आणि ती पाळली गेली की गाडी कट्ट्याला चिकटून उभी राहते, रस्त्याच्या मधोमध नाही. तिकीट आधी काढलेलं असेल तर दोन्ही दारांनी चढता येतं. थांबा सिग्नलच्या अलीकडून पलीकडे नेला तर एकाच चौकात दोनदा थांबावं लागत नाही. आणि रस्त्याला खाच पाडून बस आत घेण्याची हौस असेल तर आवरा. गाडी खाचेत शिरते सहज, पण बाहेर पडताना मागून येणारं कोणी जागा देत नाही, आणि मिळवलेली ९ सेकंद तिथेच जातात. ही सगळी कामं पालिकेच्या बांधकाम खात्याकडे असतात, परिवहनाकडे नाहीत. म्हणूनच ती बसच्या करारात हवीत.

निधी कसा वापरायचा यावर माझा अनुभव असा. एकूण वार्षिक वर्गणीचा छोटा, ठरलेला हिस्सा बाजूला काढा. पालिकानिहाय कोटा ठेवू नका. चारही पालिकांतल्या सगळ्या थांब्यांची एक यादी करा, चढणारे किती आणि दुरवस्था किती यावर क्रम लावा, आणि वरून खाली कामं घ्या. कामाची कक्षा निवाऱ्यापुरती ठेवू नका. थांब्यापासून ४०० मीटरपर्यंतचा चालण्याचा रस्ता, ओलांडायची जागा आणि दिवे त्यात धरा. हे झालं तत्त्व. आता तडजोड: पहिल्या वर्षी प्रत्येक पालिकेत निदान एक काम दिसेल असं बघा, यादीतला क्रम थोडा मोडला तरी. तत्त्वाला धरून चाललो म्हणून एकदा मी एका लहान पालिकेला पहिल्या वर्षी काहीच दिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यांची वर्गणी आठ महिने उशिरा आली.

याहून मोठ्या पातळीवर वाटून घेण्याचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतला मिनियापोलिस आणि सेंट पॉलचा परिसर आहे. १९७१ च्या कायद्याने तिथल्या सात काउंटींमध्ये व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेच्या करपायात, म्हणजे ज्या मूल्यावर कर लागतो त्यात, जी वाढ होते, तिचा ४० टक्के भाग एका सामायिक खात्यात जातो. त्यातून ज्या पालिकांची करक्षमता कमी त्यांना जास्त मिळतं. मॉल किंवा कारखाना कोणत्या गावाने ओढून नेला यावर होणारी खेचाखेच त्यामुळे थोडी सैल होते. तुम्ही इतक्या लांब जावं असं मी म्हणत नाही. चार पालिका आणि एक बसमार्ग यांच्यासाठी ते फार जड आहे.

करारात राहून जाणाऱ्या काही गोष्टी घाईघाईने सांगतो. मुदत निदान पाच वर्षांची असू द्या, नाहीतर गाड्या घ्यायला कोणी कर्ज देत नाही. बाहेर पडायचं असेल तर पूर्ण एका आर्थिक वर्षाची पूर्वसूचना, आणि घेतलेल्या गाड्यांच्या कर्जातला हिस्सा फेडूनच. मतदान वर्गणीच्या प्रमाणात ठेवलंत तर मोठं शहर एकट्याने सगळं ठरवेल आणि लहान पालिका बैठकीला यायच्या बंद होतील. एक पालिका एक मत ठेवलंत तर शहराचे लेखापाल पैसे सोडणार नाहीत. दोन्ही अटी एकत्र लावा: वर्गणीनुसार बहुमत हवं आणि चारपैकी तीन पालिकाही हव्यात. वर्गणी तिमाहीच्या सुरुवातीला, आगाऊ. आणि वेळापत्रकात बदल वर्षातून दोनदाच, ठरलेल्या तारखांना. ही शेवटची अट सभेत कोणाला महत्त्वाची वाटत नाही, पण दर महिन्याला एखादी गाडी 'थोडी आधी सोडा' म्हणणाऱ्या फोनांपासून तुमच्या माणसांना तीच वाचवते.

पुढची सभा कधी आहे माहीत नाही, पण तिच्या आधी एक काम करा. चारही पालिकांचा एकेक सदस्य आणि एकेक अभियंता एका गाडीत बसवा. नेमक्या त्याच मार्गाने, सकाळी साडेनऊच्या गर्दीत, जा आणि परत या. एकाच्या हातात घड्याळ, एकाच्या हातात वही. गाडी जिथे जिथे उभी राहील तिथे किती सेकंद आणि कशामुळे, एवढंच लिहायचं: सिग्नल, चढणं-उतरणं, उभी केलेली वाहनं, वळताना मिळालेली आडकाठी. परत आल्यावर बेरीज करा. आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा ५२ मिनिटांतली १९ मिनिटं गाडी उभीच होती, आणि त्यातली सात एकाच चौकात. तो चौक नाराज पालिकेच्या हद्दीत होता.